दगड चढायला पँट कसली घ्यावी? बेळगाव, खानापूर, गोकाक, बदामीवाल्यांनी जरूर सांगा

वडगाव_बेळगाव
नमस्कार मंडळी. पावसाळ्याआधी आमच्या ग्रुपबरोबर दगड चढायला लागलो. आता थंडीत गोकाक आणि नंतर बदामी असा बेत आहे. बूट घेतले, हार्नेस (दोर बांधायचा कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा) ग्रुपचा आहे, अडलंय ते पँटवर. आतापर्यंत कॉलेजची ट्रॅक पँट चालवली. गुडघ्यावर तिची जाळी झालीय, आणि पाय उंच टाकला की कापड मांडीला धरून ठेवतं. पुढची खाच डोळ्यासमोर असते, पण पाय तिथपर्यंत जात नाही.

घरात दोन जीन्स आहेत, एक सहा खिशांची कार्गो आहे. दुकानदार म्हणतो ट्रेकिंगची न्या, गुडघ्याला चेन असलेली, खालचा पाय सुटतो ती. ऑनलाइन खास क्लाइंबिंगच्या म्हणून ज्या दिसतात त्यांच्या किमती बघून टॅब बंद केला. कंबर ३२, उंची बेताची, मांड्या जाड. नेमकं काय बघून घ्यायचं ते कुणीतरी नीट सांगा.

कलानिधीगड_पायथा
दादा, आधी कुठली कंपनी हे डोक्यातून काढा. दुकानात ट्रायल रूममध्ये चार गोष्टी करून बघा. पहिली, उकिडवं बसा, टाचा जमिनीला टेकवून, पूर्ण खाली. दुसरी, उभं राहून एक गुडघा छातीपर्यंत आणा, हाताने न ओढता. तिसरी, बाकावर किंवा खुर्चीवर एक पाय बाजूने ठेवा, म्हणजे गुडघा बाहेर वळलेला, आणि त्या पायावर वजन देऊन वर या. चौथी, दोन्ही पाय फाकून भिंतीला पोट लावून उभे राहा, बेडकासारखे. या चारांत जिथे कापड ओढलं गेलं तिथेच ते दगडावर फाटणार. आरशात कशी दिसते ते नंतर बघा.

तुमच्या जाड मांड्यांसाठी एक सांगतो. कंबर बरोबर आणि मांडी घट्ट, असं असेल तर एक नंबर मोठी घेऊन कंबर आत घेतलेली चालते. मांडी सैल करून मिळत नाही, कंबर आवळून मिळते.

आमच्याकडे चंदगडात कलानिधीगड, महिपाळगड, पारगड या सगळ्या बाजूला काळा कातळ आणि वरच्या अंगाला जांभा. काळ्या कातळावर गुडघा फार टेकत नाही, पाय नीट बसतो. पण चिमणीत, म्हणजे दोन भिंतींच्या फटीत पाठ आणि पाय रोवून वर सरकताना, पँटीची सीट आणि गुडघे यांचा जीव जातो. तिथे पातळ ट्रॅक पँट एका चढाईत संपते. जांभ्यावर मुळात चढू नये. दगड हातात येतो.

सीमाभाग_भटका
जीन्सला सगळे नावं ठेवतात, मी ठेवणार नाही. थोडी लायक्रा (ताणला जाणारा धागा) असलेली जीन्स कोरड्या थंडीत दगडावर चांगली टिकते. तिचे खरे दोष तीन. आतल्या बाजूची जाड शिवण हार्नेसच्या पायाच्या पट्ट्याखाली येते आणि लटकल्यावर मांडीला कापते. खिशाच्या कोपऱ्यांना पितळेची रिबिटं असतात, ती कमरपट्ट्याखाली टोचतात. आणि भिजली की वाळत नाही. दव पडलेल्या गवतातून सकाळी चालत गेलात तर दुपारपर्यंत पोटऱ्या ओल्याच. लायक्रा नसलेली जुनी जाड जीन्स मात्र घरी ठेवा.

टिळकवाडी_ताई
मुलींच्या बाजूचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आमच्या ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्या मुली बहुतेक लेगिंग्ज नाहीतर सलवार घालून येतात. लेगिंग्जला ताण भरपूर असतो, पाय कुठेही जातो, पण बदामीच्या दगडावर मांडी एकदा घासली की भोक पडतं आणि ते भोक पळतच जातं. घ्यायचीच तर जाड कापडाची, उंच कमरेची घ्या. कंबर खाली असली की हार्नेस उघड्या कातडीवर घासतो, संध्याकाळी अंघोळीला पाणी लागलं की कळतं.

सलवारीत दोन धोके आहेत आणि ते मी दर वेळी सांगते. लोंबणारी नाडी आत खोचलीच पाहिजे. चढणाऱ्याला खालून दोर देताना दोर अडवायचं उपकरण कमरेसमोर असतं, तिथे नाडी, ओढणी, मोकळे केस काहीही जाता कामा नये. दुसरं, पटियालाचा घोळ. कमरपट्ट्याखाली घोळ जमा झाला की पट्टा घट्ट वाटतो. दोन-तीन वेळा वरखाली झालं की कापड बसतं आणि पट्टा सैल होतो. म्हणून सैल कपड्यावर हार्नेस बांधला असेल तर थोडं चढून, लटकून, परत एकदा ओढून बघायचा. पट्टा कमरेच्या हाडाच्या वरच्या अंगाला बसला पाहिजे, खुब्यावर नाही.

गावातून चालत जाताना अंगाला चिकटलेली पँट नको वाटत असेल तर वरून लांब कुर्ता घाला आणि दगडापाशी गेल्यावर काढून ठेवा. आत टी-शर्ट. घरच्यांची हरकतही मिटते. माझ्या सासूबाई स्वतः बघायला आल्या होत्या, त्यांना हार्नेसवर पँट बरी वाटली, सलवार नाही.

निपाणीकर
मला हे सगळं जरा जास्तच वाटतंय. हंपी, बदामीला परदेशातले लोक बघा, निम्मे त्या अलादिन पँटी घालून चढतात. आसन, म्हणजे दोन पायांमधला जोड, गुडघ्यापर्यंत लोंबतंय, तरी आपल्यापेक्षा छान चढतात. सैल म्हणजे मोकळं, एवढं साधं आहे. मोठ्या नंबरची कुठलीही सुती पँट घ्या आणि नाडी बांधा.

खडेबाजार_शिलाई
निपाणीकर दादा, तुमचं ऐकून हात शिवशिवले. आमचं घराणं शिलाईचं, वडील आणि मी दोघंही मशीनवर बसतो. मी थोडंफार चढतोही. तेव्हा या विषयावर जरा सविस्तर लिहितो.

आसन खाली नेलं की पाय मोकळा होतो, हा समज चढणाऱ्यांत सगळीकडे आहे आणि तो उलटा आहे. हात वर केला की सदरा कमरेतून वर का ओढला जातो? काखेची गोलाई खाली असते म्हणून. काख उंच कापली तर हात वर जातो आणि सदरा जागेवर राहतो. पँटीचं तसंच. दोन पाय जिथे एकत्र शिवले जातात तो बिंदू जितका खाली, तितका एक पाय वर नेताना दुसऱ्या पायाचं कापड ओढलं जातं. अलादिन पँटीत हे जाणवत नाही, कारण तिथे घोळ इतका ठेवलेला असतो की ओढ त्या घोळातच मुरते. पण तो घोळ मग हार्नेसच्या पट्ट्यांत अडकतो, ताईंनी सांगितलंच. खाली पायाकडे बघायला गेलात तर मध्ये कापडच दिसतं. हंपीला दोराशिवाय बुटक्या दगडांवर चढतात, हार्नेसच नसतो, तिथे ती चालून जाते. मोठ्या नंबरची साधी पँट घेतलीत तर लोंबतं आसन मिळतं आणि घोळही मिळत नाही.

मग करायचं काय? आसन अंगाबरोबर उंच ठेवायचं आणि त्यात चौबगला घालायचा. जुन्या सदऱ्याच्या काखेत चौकोनी तुकडा असतो तो. पँटीत तो दोन पायांच्या मध्ये बसतो, पतंगाच्या आकारात कापलेला. साध्या पँटीत पुढची, मागची आणि दोन्ही पायांची आतली अशा चार शिवणी एका टोकाला येऊन भेटतात. सगळा ताण त्या एका टोकावर. पँट नेहमी तिथेच का उसवते याचं कारण हेच. चौबगला घातला की त्या चारही शिवणी एकमेकींपासून लांब जातात, ताण वाटला जातो, आणि पाय फाकवायला मध्ये जास्तीचं कापड मिळतं. बसताना बोचणारी गाठही जाते.

बाहेरच्या चांगल्या क्लाइंबिंग पँटी उलट्या करून बघा, हा तुकडा हमखास सापडेल. अमेरिकेतल्या योसेमिटीचा क्लाइंबर माइक ग्रॅहम याने १९८२ मध्ये ग्रामिची नावाने ज्या पँटी काढल्या, त्यांचं नाव झालं ते या चौबगल्यामुळे आणि कमरेत शिवलेल्या पट्ट्यामुळे. आमच्या धंद्यात हा तुकडा पूर्वीपासून आहे. मापाचा माणूस मिळाला तर बेळगावात, खानापुरात, चंदगडात कुठेही शिवून होईल.

दुसरी गोष्ट गुडघा. पाय दुमडला की गुडघ्यावर कापड कमी पडतं आणि मागे जास्त होतं. म्हणून गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना छोटे डार्ट, म्हणजे कापड चिमटून घेतलेल्या शिवणी, घालायचे, म्हणजे पँट टांगली तरी गुडघा किंचित वाकलेला दिसतो. डार्ट नसलेल्या पँटीत तुम्ही गुडघा उचलला की कंबर खाली ओढली जाते. हा अनुभव सगळ्यांना आहे, त्याचं कारण मात्र कुणी शोधत नाही.

तिसरी कंबर. मागची बाजू पुढच्यापेक्षा इंच-दीड इंच उंच ठेवायची. वाकलं, पाय वर घेतला की पाठ उघडी पडत नाही. पुढे मोठं बटण नको, चपटा हूक आणि चेन. मागे तेवढं इलास्टिक. बाहेर बेल्ट नको.

वडगाव_बेळगाव
शिलाई दादा, मनापासून आभार. शिवून घ्यायचं डोक्यातच आलं नव्हतं. कापड कसलं घेऊ? दुकानात स्ट्रेच म्हणून जे देतात ते सगळं एकच असतं का?

काकती_माजी_जवान
मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो, आता काकतीला असतो. पोरांना शिकवतो.

आमच्या वेळी उपकरणाशिवाय दोरावरून उतरायला शिकवायचे. दोर मांडीखालून घ्यायचा, छातीवरून आडवा खांद्यावर, आणि मागून हातात. अंगाच्या घर्षणावरच उतरायचं. तेव्हा जाड सुती पँट आणि मांडीला ठिगळ लागायचंच. पातळ सिंथेटिक कापडावरून दोर जोरात गेला तर ते वितळून कातडीला चिकटतं. आता उतरायला उपकरण आहे, दोर अंगावरून जात नाही, म्हणून कापड हलकं चालतं. पण कुणी जुन्या पद्धतीने उतरून दाखव म्हटलं तर नायलॉनची पँट घालून करू नका.

पोरांच्या कमरेला मोठ्या बक्कलचा बेल्ट दिसला की मी आधी तो काढायला लावतो. हार्नेसखाली बक्कल म्हणजे पडल्यावर पोटात घुसणारं लोखंड. खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, कंगवा, सगळं पिशवीत. बुटक्या दगडांवरून गादीवर पडणाऱ्यांनी तर हे आधी पाळावं. किल्लीवर पडलेलं बूड पंधरा दिवस बसू देत नाही.

खानापूर_जंगलवाट
आमच्या भागाचं कुणी लिवलं न्हाई म्हणून मी लिवलो. दगड चढायचं एक झालं, पण दगडापर्यंत जायचं कसं ओ? जांबोटी, कणकुंबीकडं आधी तासभर झाडीतनं चालायचं असतंय. करवंदीच्या जाळ्या, काटं, आणि पाऊस संपला की कुसळं. होजिअरीच्या ट्रॅक पँटीला कुसळं अशी लागत्यात की वर जाऊन अर्धा तास ती उपटत बसायचं. उपटून संपत न्हाईत, टोकं आत राहत्यात आणि हार्नेस आवळला की मांडीत टोचत्यात. तेच मागावरचं गुळगुळीत घट्ट कापड असलं की झटकलं की गेलं. मी तर तेवढ्यासाठीच ट्रॅक पँट सोडलो.

पावसाळ्यात चढत न्हाई कोण, पण दगड बघायला, वाट शोधायला जातो आमी. तेव्हा जळवा. पायाशी दोरी किंवा इलास्टिक असलं की पँट मोज्यावर आवळता येतंय. चढताना तीच मोरी, म्हणजे पँटीचं खालचं तोंड, वर घेऊन पोटरीवर बसवायची.

आता रंगाचं बोलतो, लक्ष देऊन वाचा. कड्याच्या पोटात आग्या मोहोळ लटकलेलं असतंय. आग्यामाशा उठल्या की गडद रंगावर आधी येत्यात, काळा, तपकिरी. म्हणून कड्याला जाताना फिकट रंगाची पँट, फिकट शर्ट. अत्तर न्हाई, डिओ न्हाई, खाली शेकोटी न्हाई. मोहोळ दिसलं तर त्या रेषेवर चढायचंच न्हाई, पँट कुठलीबी असू दे. काळी पँट मळत न्हाई म्हणून घेणारे भाऊ आमच्यात लई हायत, त्यांना हे सांगा.

टिळकवाडी_ताई
खानापूरकर भाऊ, रंगाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या ग्रुपला आजच पाठवते. मळखाऊ रंगच हवा असेल तर फिकट खाकी, राखाडी घ्या. बदामीची लाल माती तशीही कुठल्याच रंगावरून पूर्ण जात नाही.

खडेबाजार_शिलाई
वडगावच्या दादांना कापडाचं उत्तर राहिलं होतं. तुम्ही विणकरांच्या वडगावचे, ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) तुम्हाला सांगायला नको. दुकानात स्ट्रेच म्हणून जे पँटपीस मिळतं त्यात बहुतेक वेळा लायक्रा फक्त बाण्यात, म्हणजे आडवी असते. कापड दोन्ही हातांनी आडवं ओढलं की ताणतं, उभं ओढलं की हलत नाही. असं कापड मांडीभोवती सैलावतं, पण गुडघा वाकवताना लागतो तो उभा ताण, तो त्यात नाही. म्हणून अशा कापडाला डार्ट लागतातच. उभं-आडवं दोन्ही ताणणारं कापड वेगळं असतं, फोर-वे म्हणून मागा. दुकानातच दोन्हीकडून ओढून बघा, आणि सोडल्यावर परत जागेवर येतं का तेही बघा. ढिलं पडून राहिलं तर दोन महिन्यांत गुडघ्याला पिशव्या होणार.

लायक्रा २ ते ४ टक्के पुरे. जास्त घातली की ताण छान वाटतो, टिकाऊपणा जातो.

सुती की नायलॉन? सुती ड्रिल किंवा कॅनव्हास अंगाला सुखाचं, घाम शोषतं, घासून हळूहळू विरतं. एकदम फाटत नाही, आधी पांढरं पडून सूचना देतं. त्यात लायक्रा असलेलं मिळालं तर माझी पहिली पसंती तीच. नायलॉन हलकं, लगेच वाळतं, घासायला पॉलिएस्टरपेक्षा चिवट. पॉलिएस्टर स्वस्त, पण घामाचा वास धरून ठेवतं. बेळगावची थंडी आणि बदामीची दुपार, दोन्हीला एकच पँट हवी असेल तर मध्यम जाडीचं सुती-लायक्रा.

सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढून वाळवून आणा. नाहीतर पहिल्या धुण्यात आसन आक्रसतं आणि सगळी मेहनत वाया. दोरा पॉलिएस्टरचा. ताणणाऱ्या कापडावर साधी सरळ टीप पाय फाकवला की तुटते, म्हणून आसनाला बारीक टाक्याची दुहेरी टीप मारायला सांगा आणि कोपऱ्यांना बारटॅक, म्हणजे दाट आडवे टाके. आतल्या शिवणी दाबून सपाट करून घ्या, पट्ट्याखाली कापणार नाहीत.

निपाणीकर
शिलाई दादा, काखेचं उदाहरण घरी सदरा घालून बघितलं. हात वर केला, सदरा वर. वडिलांचा जुना बंडीसारखा सदरा आहे, काखेत तो तुकडा असलेला, तो घातला तर कंबर हललीसुद्धा नाही. पटलं. तरी गरमीत सैल कापडातून वारा खेळतो तो फायदा तुम्ही मोजत नाही, एवढं माझं म्हणणं शिल्लक आहे.

खडेबाजार_शिलाई
ते खरंच आहे, आणि तेही जमतं. आसन उंच, मांडीला सैल, गुडघ्याखाली निमुळती होत जाणारी. वारा मांडीला हवा, पोटरीला नको. पायाशी निमुळती असली की पाऊल दिसतं, आणि मोरी बुटाच्या टाचेखाली जात नाही.

बदामी_वारी
मी दर थंडीत बदामीला जातो. बेळगावहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघालं की दुपारी दगडाला हात. तिथलं थोडं.

बदामीचा दगड लाल वालुकाश्म. हाताला छान पकड देतो आणि कापड पॉलिश पेपरसारखं खातो. गोकाकच्या बाजूचाही वाळूचाच, जरा जास्त टणक. बदामीत उभ्या भिंती आहेत, पाय पसरून, गुडघा बाहेर वळवून भिंतीला लागून चढायचं असतं, त्यामुळे आतल्या मांडीला आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सगळं घासणं होतं. गुडघ्याला दुसरं कापड लावायचं असेल तर ते फक्त समोर नको, बाहेरच्या बाजूला वळवून घ्या. बाजारातल्या पँटींना समोर ठिगळ असतं, ते गुडघे टेकून काम करणाऱ्यांसाठी ठीक.

हाफ पँटचा प्रश्न येईलच. डिसेंबरातही दुपारी तिथे ऊन चांगलंच लागतं आणि बरेच जण हाफ पँटीत चढतात. पुढे चढणाऱ्याने, म्हणजे दोर खालून घेऊन जाणाऱ्याने, मला विचाराल तर पूर्ण पँटच घालावी. पडला तर भिंतीवर पाय घासतो, कधी दोर पायाला चाटून जातो. वरून दोर लावलेला असेल तर हाफ चालेल. थ्री-फोर्थ हा मला सगळ्यांत चांगला मधला मार्ग वाटतो. गुडघा झाकला, पाऊल दिसलं.

पाऊस झाला असेल तर वालुकाश्म दिसायला कोरडा वाटला तरी आतून ओला असतो आणि ओला असताना कमजोर. पकडी तुटतात. एक-दोन दिवस थांबायचं. आणि गुंफा, देवळं यांच्या संरक्षित भागात चढाई करायची नाही. सहाव्या शतकापासूनचं कोरीव काम आहे ते, तिथल्या भिंतीला घाम टिपायला लावलेल्या खडूचा हातही लागता कामा नये.

खिशात खायचं काही ठेवू नका. तिथली माकडं चेन उघडतात.

सीमाभाग_भटका
खिशांवरून आठवलं. पुढचे तिरपे खिसे हार्नेस बांधल्यावर निम्मे बंद होतात, हात जात नाही. मागच्या खिशांवर खडूची पिशवी येते. कार्गोचे मांडीवरचे फुगीर खिसे दगडाला अडकतात. कामाचा एकच, बाहेरच्या मांडीवर, पायाच्या पट्ट्याच्या खाली येईल असा, चपटा आणि चेनचा. वडगावच्या दादांची कार्गो मांडीला सैल असेल तर ते फुगीर खिसे उसवून टाका, पँट वापरता येईल.

आणि ती गुडघ्याला चेन असलेली ट्रेकिंगची पँट घेऊ नका. चेन बरोबर गुडघ्याच्या वर येते. दगडावर गुडघा टेकला की चेनचे दात मांसात. चालायला उत्तम, चढायला नाही.

वडगाव_बेळगाव
सगळ्यांचे आभार. खाकी फोर-वे सुती कापड बघितलं, उभं-आडवं ओढून. चौबगला, डार्ट, मागे उंच कंबर, मांडीवर एक खिसा, असं लिहून घेतलंय. पायाशी इलास्टिक की दोरी?

खडेबाजार_शिलाई
दोरी, आणि तिची गाठ आतल्या बाजूला. इलास्टिक पोटरीवर वर चढवलं की रक्त अडतं आणि वर्षभरात ढिलं होतं. शिवायला देताना चढायचे बूट आणि हार्नेस दोन्ही बरोबर न्या. मोरी बुटावरून ठरते आणि खिशाची जागा हार्नेसवरून. माप घेताना सरळ उभं राहून झालं की उकिडवं बसून मागची कंबर ते आसन हे माप वेगळं घ्यायला लावा. बरेच टेलर घेत नाहीत, म्हणून तुम्हीच सांगा.

कच्ची टीप मारून एकदा घालून बघायची, वर कलानिधीगडकरांनी सांगितलेले चारही प्रकार करायचे, मगच पक्की. धुताना गरम पाणी नको, कडक इस्त्री नको, उन्हात तासन्‌तास टांगणं नको. लायक्रा उष्णतेने मरते.

काकती_माजी_जवान
शिलाई भाऊ, माझ्याकडे शाळेतली पोरं येतात. सहा महिन्यांत पँट आखूड होते. आई-बाप परत परत खर्च कुठून करणार? त्यांच्यासाठी काही युक्ती आहे का?

खडेबाजार_शिलाई
आहे की काका. मोरीत तीन इंच कापड आत दुमडून ठेवायचं, उंची वाढेल तशी टीप उसवत जायची. कमरेला पूर्ण इलास्टिक आणि नाडी. डार्ट मात्र मुलांना घालू नका. पाय लांबला की डार्ट गुडघ्याच्या वर राहतो आणि उलटा अडतो. त्याऐवजी कापड फोर-वे घ्या आणि गुडघ्याचं दुहेरी कापड मांडीच्या मध्यापासून पोटरीपर्यंत लांब लावा, म्हणजे गुडघा कुठेही सरकला तरी त्याखाली येतो. चौबगला मुलांनाही घालायचाच, तो थोडा मोठाच ठेवा. पोरांच्या पँटी जमवून एकदम आणल्यात तर कापडाच्या एका ताग्यातून कापता येतील आणि कापड कमी लागेल.